विदर्भातील जुन्या खिडक्यांची सुधारणा: उन्हाळ्यात घर गार ठेवण्यासाठी करावयाची कामे

मे महिन्यात अकोला, वर्धा, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की घराच्या खिडक्यांविषयी दोन सल्ले हमखास मिळतात. गावातला कोणी म्हणतो की पश्चिमेची खिडकी विटा लावून कायमची बुजवून टाका. तालुक्याचा दुकानदार म्हणतो की जुनी सागवानी चौकट काढा आणि ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसवा, ऐपत असेल तर दुहेरी काचेची. दोन्ही सल्ल्यांत पैसा जातो आणि उकाडा बऱ्याच अंशी तसाच राहतो. खेड्यातल्या जुन्या घरांच्या बहुतेक खिडक्या बदलण्याची गरज नसते. त्यांना बाहेरून सावली, कडेने घट्टपणा आणि रात्री निर्धास्त उघडी ठेवता येईल अशी सोय, एवढे मिळाले तर कूलरचे वीजबिल आणि पाणी दोन्ही वाचते.

असे का, हे एका साध्या हिशेबावरून कळते. तीन फूट रुंद आणि चार फूट उंच अशा पश्चिमेकडील खिडकीत काचेचा भाग साधारण ०.८ चौरस मीटर भरतो. मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास अशा उभ्या काचेवर दर चौरस मीटरला सुमारे ६०० वॉट इतके ऊन पडते आणि साध्या काचेतून त्यातील जवळजवळ ८५ टक्के उष्णता आत येते, म्हणजे एका खिडकीतून सुमारे ४०० वॉट. पाच पंख्यांना लागते तेवढी ही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खोलीत ओतली जाते. आता उन्हाचा विचार बाजूला ठेवून केवळ बाहेरची हवा तापलेली आहे म्हणून काचेतून झिरपणारी उष्णता मोजली, तर आत-बाहेर आठ अंशांचा फरक असताना ती ४० वॉटपेक्षाही कमी भरते. दुहेरी काच हा ४० वॉटचा आकडा निम्म्यावर आणते, पण ४०० वॉटच्या उन्हातून ती जेमतेम दहावा हिस्सा अडवते. युरोपातल्या थंडीत घरातली ऊब बाहेर जाऊ न देणे हा प्रश्न असतो, म्हणून तिकडे दुहेरी काचेला पहिले स्थान आहे. आपला प्रश्न ऊन आत येण्याचा आहे आणि ते काचेच्या बाहेरच अडवावे लागते.

खिडक्यांची पाहणी

काम सुरू करण्यापूर्वी घराभोवती एक फेरी सकाळी नऊला, एक दुपारी बाराला आणि एक चार-पाचच्या दरम्यान मारावी, आणि कोणत्या खिडकीवर कोणत्या वेळी किती ऊन पडते ते वहीत लिहावे. पश्चिमेच्या खिडक्या सर्वांत त्रासदायक ठरतात, कारण त्या तापतात तेव्हा हवा, भिंत आणि स्लॅब आधीच तापलेले असतात. पूर्वेच्या खिडक्यांवर ऊन तितकेच पडते, परंतु सकाळच्या गारव्यामुळे ते सोसवते. दक्षिणेची खिडकी आपल्याकडे उन्हाळ्यात फारशी त्रास देत नाही. नागपूर सुमारे २१ अंश अक्षांशावर असल्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि नंतरचे काही आठवडे किंचित उत्तरेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीवर त्या काळात भर दुपारचे ऊन येत नाही. उलट डिसेंबरात तोच सूर्य दुपारी ४५ अंशांवर असतो, आणि दक्षिणेच्या खिडकीतून येणारे ऊन हवेहवेसे असते. म्हणून दक्षिणेच्या खिडकीवर कायमचे काहीही ठोकू नये. उत्तरेची खिडकी सुरक्षित मानली जाते, पण उन्हाळ्यात सूर्य वायव्येकडे मावळत असल्यामुळे संध्याकाळी तिच्यावरही तिरपे ऊन येते.

याच फेरीत प्रत्येक खिडकीची प्रकृतीही तपासावी. चौकटीच्या खालच्या आडव्या लाकडात, विशेषतः दोन्ही कोपऱ्यांत, पेचकस टोचून पाहावा. तो सहज आत शिरला तर लाकूड कुजले आहे किंवा वाळवीने पोखरले आहे. पल्ला बंद करताना चौकट आणि पल्ला यांच्यात कागदाची पट्टी धरावी, आणि बंद केल्यावर ती ओढून पाहावी. अडकून राहिली तर तेथे फट नाही, सरकन निघाली तर आहे. रात्री खोलीतला दिवा लावून बाहेरून पाहिल्यास मोठ्या फटी आणखी लवकर दिसतात. चौकट आणि भिंत यांच्यामधील भेग पाहायला लोक विसरतात, आणि मातीच्या भिंतीत नेमकी तीच सर्वांत मोठी असते.

फटींचे महत्त्व सुताराच्या मापात सांगायचे तर असे. दोन पल्ल्यांच्या तीन बाय चार फुटी खिडकीला चारही कडा आणि मधला सांधा धरून १८ फूट लांबीचा सांधा असतो. त्यात सगळीकडे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, फट असेल, तर सगळ्या फटी मिळून २७ चौरस इंच होतात. म्हणजे सव्वापाच इंच लांब आणि तेवढेच रुंद भोक भिंतीला पाडून ठेवल्यासारखे होते, आणि दुपारी लू सुटली की त्यातून गरम हवा व धूळ अखंड आत येत राहते.

लाकडी खिडकीची दुरुस्ती

जुन्या घरातली सागवानी खिडकी भंगारवाल्याला देण्यापूर्वी दोनदा विचार करावा. पूर्ण फळीचा लाकडी पल्ला उष्णता अडवण्यात साध्या काचेपेक्षा बराच सरस असतो, आणि तो ऊन तर आत येऊच देत नाही. सरकत्या खिडकीची एक उणीव दुकानात कोणी सांगत नाही: ती कितीही मोठी घेतली तरी एका वेळी निम्मीच उघडते. शिवाय साधे ॲल्युमिनियम उन्हात तापते आणि ती उष्णता थेट आत पोहोचवते. चौकट पूर्णपणे कुजली असेल तरच बदलण्याचा विचार करावा, आणि तेव्हाही जुने पल्ले नव्या चौकटीत बसतात का ते आधी पाहावे.

लाकडाचे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करावे. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि पल्ला अडकू लागतो, तेव्हा घाईने रंधा मारून घेतला की एप्रिलमध्ये लाकूड आकसल्यावर तेथेच दोन सूत फट पडते. पावसाळ्यात अडकणाऱ्या जागेवर खडूने खूण करून ठेवावी आणि लाकूड कोरडे झाल्यावर खरोखर किती तासावे लागेल ते ठरवावे.

प्रथम पल्ले बिजागऱ्यांसह उतरवावेत. पल्ला खाली झुकला असेल तर नव्वद टक्के वेळा दोष लाकडात नसतो. बिजागरीचे स्क्रू ढिले झालेले असतात. जुन्या भोकात फेविकॉल लावलेली सागाची खुंटी ठोकून, ती वाळल्यावर नवे भोक पाडून, आधीच्यापेक्षा अर्धा इंच लांब स्क्रू बसवल्यास पल्ला पुन्हा सरळ उभा राहतो आणि निम्म्या फटी आपोआप मिटतात. फळ्यांमधल्या भेगांत फेविकॉलमध्ये कालवलेला लाकडाचा बारीक भुसा भरावा. कुजलेला भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कोरून काढावा आणि तेथे त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा सांधावा. वाळवी लागली असेल तर लाकूड दुरुस्त करून भागत नाही. चौकटीमागच्या भिंतीत तिची मातीची नळी कोठून येते ते शोधून तेथे औषध मारावे लागते, नाहीतर नवा तुकडा वर्षभरात जातो.

जुना रंग काढताना काळजी घ्यावी. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्यामुळे त्याआधीच्या रंगाच्या थरांत शिसे असू शकते आणि ते लहान मुलांना फार घातक असते. असा रंग जाळून काढू नये आणि कोरडा घासू नये. पाणी लावून पॉलिश पेपरने घासावा, खाली प्लॅस्टिक अंथरावे, निघालेला गाळ अंगणात किंवा परसात टाकू नये, आणि काम चालू असेपर्यंत मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये.

घासून झालेल्या सागवानी लाकडाला जवसाचे तेल आणि टर्पेंटाइन यांच्या मिश्रणाचा एक पातळ हात द्यावा, तो मुरल्यावर दुसरा. जवस आपल्याकडचेच पीक असल्यामुळे तेल मिळायला अडचण येत नाही. एक धोका मात्र लक्षात ठेवावा. या तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती स्वतःहून तापत जातात आणि पेटू शकतात, आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात तर हा धोका अधिकच. ती उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून टाकावीत.

चौकटीभोवतीची भेग विटांच्या भिंतीत असेल तर एकास चार सिमेंट-वाळूने भरावी. मातीच्या भिंतीत सिमेंट भरू नये, कारण ते मातीला धरत नाही आणि वर्षभरात सुटून आधीपेक्षा मोठी भेग करते. तेथे चिकणमाती, शेण आणि बारीक गव्हांडा किंवा धानाचे तणस यांचा गारा दोन-तीन दिवस मुरवून थोडा थोडा भरावा आणि प्रत्येक थर वाळू द्यावा.

लोखंडी खिडक्या आणि तावदाने

सत्तर-ऐंशीच्या दशकात बांधलेल्या अनेक घरांत, शाळांत आणि ग्रामपंचायतींच्या इमारतींत लोखंडी पट्टीच्या खिडक्या आहेत. गंज तारेच्या ब्रशने काढावा, रेड ऑक्साइडचा हात द्यावा आणि वरून पांढरा किंवा फिका रंग लावावा, कारण गडद रंगाचे लोखंड उन्हात हात लावू देत नाही इतके तापते. वाकलेला पल्ला फॅब्रिकेटरकडून सरळ करून घ्यावा. वाकलेल्या पल्ल्यावर रबर चिकटवून काही साधत नाही.

तावदानाभोवतीची लांबी (काच पक्की बसवणारी पुट्टी) वाळून झडलेली असेल तर ती खरवडून नवी भरावी. खडूची भुकटी आणि कच्चे जवसाचे तेल एकत्र मळून लांबी घरीही करता येते. लोखंडी पट्टीवर सिलिकॉन वापरायचे असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारे घेऊ नये, त्यातील आम्लाने लोखंड गंजते. दुकानात न्यूट्रल सिलिकॉन मागावे. आडव्या काचांच्या लुव्हर खिडक्या मात्र कितीही प्रयत्न केले तरी घट्ट बंद होत नाहीत. न्हाणीघरात त्या असू द्याव्यात, पण झोपण्याच्या खोलीत असतील तर त्यांच्यामागे आतून उघडझाप करता येईल असा प्लायचा एक पल्ला बसवून घ्यावा.

कडेच्या फटी बुजवणे

बिजागऱ्या नीट झाल्यावर आणि रंग पूर्ण वाळल्यावरच रबराची पट्टी लावावी. बाजारात स्वस्त मिळणारी फोमची पट्टी एक-दोन उन्हाळ्यांत चपटी होते आणि तिचा गोंद उष्णतेने सुटतो. त्यापेक्षा ईपीडीएम नावाच्या, उन्हात टिकणाऱ्या रबराची पट्टी घ्यावी. एक सुतापर्यंतच्या फटीला पातळ पट्टी पुरते, दोन सुतांच्या आसपास असेल तर आतून पोकळ असलेली डी आकाराची घ्यावी. गरजेपेक्षा जाड पट्टी लावली तर कडी बसत नाही, आणि कडी जोराने लावता लावता बिजागरी उखडते. पट्टी चौकटीच्या खाचेत, जेथे पल्ला येऊन टेकतो त्या पृष्ठभागावर लावावी. आधी ती जागा स्पिरिटने पुसावी आणि काम सकाळी लवकर, धूळ उडण्यापूर्वी करावे.

लाकडी चौकटीसाठी याहून साधा उपाय सायकलच्या जुन्या ट्यूबचा आहे. ट्यूबची पाऊण इंच रुंदीची पट्टी कापून, तिची एक कड चुकांनी (बारीक खिळ्यांनी) चौकटीला ठोकावी आणि दुसरी मोकळी ठेवावी, म्हणजे पल्ला तिच्यावर दाबून बसतो. दिसायला ती फारशी चांगली दिसत नाही, परंतु गोंद सुटण्याचा प्रश्न राहत नाही. दोन पल्ल्यांच्या मधल्या सांध्यावर एका पल्ल्याला लाकडी पट्टी ठोकून घ्यावी. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीत झिजलेली ब्रशची पट्टी बदलून मिळते, मात्र खालच्या रुळातली पाणी जाण्याची बारीक भोके सिलिकॉनने बुजवू नयेत.

स्वयंपाकघरात यांतले काहीही करू नये. जेथे चूल पेटते तेथे धूर जायला वाट हवीच. थंडीत ज्या खोलीत शेगडी ठेवण्याची सवय आहे, ती खोली घट्ट केल्यानंतर शेगडी आत नेणे पूर्णपणे बंद करावे. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला त्याचा पत्ता लागत नाही.

बाहेरून सावली

सगळ्यांत जास्त फायदा या कामातून होतो. हाताशी थोडेच पैसे असतील तर वरची सगळी कामे पुढच्या वर्षावर ढकलून पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली करावी.

खिडकीवर छज्जा आहे, मग आणखी सावली कशाला, असे पुष्कळांना वाटते. दीड फुटाचा छज्जा दुपारी बाराच्या उन्हाला पुरतो. मेच्या अखेरीस चार वाजता सूर्य क्षितिजापासून साधारण ३७ अंशांवर उतरलेला आणि पश्चिमेच्या खिडकीच्या जवळजवळ समोर असतो. त्या वेळी या छज्ज्याची सावली खिडकीवर जेमतेम सव्वा फूट उतरते, आणि चार फुटी खिडकीतला उरलेला पावणेतीन फूट भाग उन्हात राहतो. पाच वाजता सूर्य आणखी खाली येतो आणि छज्जा असून नसल्यासारखा होतो. पश्चिमेला आणि पूर्वेला म्हणून उभा आडोसाच लागतो. सेवाग्रामच्या बापूकुटीसारख्या मातीच्या, कवेलूंच्या घरांना भोवती जी पडवी दिसते, ती हेच काम करते: भिंतीपर्यंत आणि खिडकीपर्यंत ऊन पोहोचूच देत नाही. घरापुढे तशी छपरी काढण्यास जागा व पैसा असेल तर पश्चिम बाजूला तिच्याइतका टिकाऊ उपाय नाही.

छपरी शक्य नसेल तेथे बांबूचा तट्टा उत्तम. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडे बुरूड कारागीर मापाप्रमाणे तट्टे विणून देतात. तट्टा खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंनी एक-एक फूट रुंद असावा, कारण ऊन तिरपे येते आणि बाजूच्या फटीतून आत घुसते. तो भिंतीला चिकटवून ठोकू नये. छज्ज्याच्या बाहेरच्या कडेला आकडे बसवून त्यावर टांगावा, म्हणजे तट्टा आणि काच यांच्यात हवा खेळती राहते आणि तापलेल्या तट्ट्याची उष्णता वरच्या वर निघून जाते. खालची कड दोरीने पुढे ताणून बांधली तर उजेडही येतो आणि वाराही.

दुसरा सोपा उपाय शेडनेटचा. कृषी सेवा केंद्रात ५०, ७५ आणि ९० टक्के सावलीची जाळी मिळते. खिडकीसाठी ७५ टक्क्यांची पुरेशी आहे. ९० टक्क्यांच्या जाळीने खोलीत अंधार होतो आणि वारा अडतो. लोखंडी पट्टीची किंवा बांबूची चौकट करून तीवर जाळी ताणावी आणि भिंतीपासून किमान सहा इंच अंतरावर लावावी. सुरुवातीच्या हिशेबातील ४०० वॉटपैकी सुमारे ३०० वॉट ही जाळी बाहेरच थांबवते. तेवढे काम कोणतीही नवी खिडकी इतक्या कमी खर्चात करत नाही. चौकट आकड्यांवरच बसवावी, कारण एप्रिल-मेमध्ये अवकाळी वादळ आले की ती दोन मिनिटांत काढून घेता आली पाहिजे.

शेतातल्या तुराट्यांचा ताटवाही चालतो, मात्र तो चुलीपासून आणि विजेच्या तारेपासून लांब असावा. कपाशीच्या पऱ्हाट्या यासाठी वापरू नयेत. गुलाबी बोंडअळी त्यांत आश्रय घेते, म्हणूनच हंगाम संपल्यावर पऱ्हाट्या घराजवळ साठवू नका असे कृषी विभाग सांगतो, आणि खिडकीला बांधलेल्या पऱ्हाट्या हीही साठवणच झाली. पत्र्याचा आडोसा करणार असाल तर तो बाहेरून पांढरा रंगवावा आणि वरच्या बाजूने हवा निघून जाईल एवढी मोकळी जागा ठेवावी.

झाडांविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बांधावर साग आहे म्हणून घराच्या पश्चिमेलाही साग लावणारे लोक दिसतात, पण साग नेमका उन्हाळ्यात उघडा होतो. कडुनिंबाला आणि करंजाला ऐन उन्हाळा पेटण्याआधीच नवी पालवी फुटलेली असते. झाड भिंतीपासून पंधरा-वीस फूट लांब लावावे. ते मोठे होईपर्यंतच्या वर्षांत तट्टा किंवा जाळी काम भागवते.

काचेवरचे उपाय

बाहेरून काहीच लावता येत नसेल, उदाहरणार्थ खिडकी रस्त्याला लागून असेल, तर काचेकडे वळावे. परावर्तक सोलर फिल्म ऊन बऱ्यापैकी परतवते. साधी काळी फिल्म मात्र ऊन स्वतःत शोषून घेते आणि त्यातली काही उष्णता आत सोडते. उन्हाळ्यापुरता विनाखर्चाचा उपाय म्हणजे खडूच्या भुकटीच्या पातळ पाण्यात थोडा डिंक मिसळून काचेच्या बाहेरच्या बाजूने हात देणे. पावसात तो धुऊन जातो. चुना वापरू नये, त्याचे डाग काचेवर कायमचे राहतात. आतले पडदे, कितीही जाड असले तरी, ऊन काचेतून आत आल्यावर ते अडवतात, म्हणून त्यांच्याकडून थोडीच अपेक्षा ठेवावी.

दुहेरी काच एसी असलेल्या खोलीत, पूर्ण सावली केल्यानंतर आणि फटी बुजवल्यानंतर विचारात घेण्यासारखी आहे. कूलरच्या खोलीत तिचा उपयोग नाही, कारण कूलर चालू असताना खिडकी उघडीच ठेवावी लागते.

कूलरची खिडकी

विदर्भात कूलर आणि खिडकी यांचा वेगवेगळा विचार करता येत नाही. बाहेर ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असताना पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा सैद्धांतिकदृष्ट्या २३ अंशांपर्यंत उतरू शकते. चांगल्या जाळ्यांचा कूलर प्रत्यक्षात २८-२९ अंशांची हवा देतो. पण त्यासाठी कूलरला बाहेरची कोरडी हवा मिळाली पाहिजे आणि खोलीतली दमट हवा बाहेर जायला वाट हवी. खोली गार राहावी म्हणून सगळ्या खिडक्या घट्ट लावून कूलर चालवणारी घरे पुष्कळ आहेत. अशा खोलीत अर्ध्या तासात चिकचिक होते आणि मग कूलर जुना झाला असा निष्कर्ष काढला जातो. कूलरच्या समोरच्या भिंतीतली खिडकी किंवा दार किमान कूलरच्या तोंडाएवढे, जमल्यास दीडपट उघडे ठेवावे. ती सावलीतली खिडकी असावी.

कूलर ज्या खिडकीत बसतो तेथे त्याच्या चारही बाजूंची उरलेली जागा प्लायच्या तुकड्यांनी बंद करावी. उन्हाळा संपल्यावर काढता येतील असे ते स्क्रूने बसवावेत. जागा उघडी राहिली तर कूलरने आत ढकललेली गार हवा तेथूनच परत बाहेर जाते. कूलर उत्तर किंवा पूर्व बाजूला असावा, त्याच्यावर सावली असावी, पण त्याच्या जाळ्यांना टेकून तट्टा किंवा नेट बांधू नये, कारण हवा आत जायला मोकळीक लागते.

पत्र्याचा कूलर आणि खिडकीचे लोखंडी गज एकमेकांना टेकलेले असतात, हे विसरू नये. कूलरमध्ये वीज उतरली तर गजही वीजवाहक होतात. कूलरला तीन पिनांचा प्लग आणि खरोखर जमिनीत गेलेले अर्थिंग हवे, घराच्या बोर्डात ३० मिलिॲम्पिअरचे आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारे बटण) असावे, आणि पाणी भरण्यापूर्वी प्रत्येक वेळी प्लग काढावा. खिडकीच्या सुधारणेसाठी ठेवलेल्या पैशातून पहिला खर्च यावर झाला तरी तो योग्यच आहे.

रात्रीची हवा

मार्च-एप्रिलमध्ये आणि मेच्या सुरुवातीला दिवस आणि रात्र यांच्या तापमानात बारा-पंधरा अंशांचा फरक पडतो. रात्री भिंती गार करून घेतल्या आणि सकाळी खिडक्या वेळेवर बंद केल्या, तर मातीच्या जाड भिंतींचे घर दुपारपर्यंत गारवा धरून ठेवते. खिडक्या कधी उघडायच्या हे घड्याळावर ठरवू नये. एक तापमापी खोलीत आणि दुसरी बाहेर सावलीच्या भिंतीवर टांगावी. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा खाली गेला की सगळ्या खिडक्या उघडाव्यात, आणि सकाळी तो वर चढू लागला की बंद कराव्यात. स्लॅबच्या घरात वरचे व्हेंटिलेटर रात्रभर उघडे ठेवावेत, कारण तापलेली हवा छताशी साचते.

यासाठी खिडक्यांची उघडणारी जागा पुरेशी हवी, आणि खिडकी बुजवण्याच्या सल्ल्याला उत्तर येथेच मिळते. घरांच्या बांधणीसाठी केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने आणलेल्या इको निवास संहिता २०१८ मध्ये उघडणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्रफळ उष्ण-कोरड्या हवामानात जमिनीच्या किमान १० टक्के आणि संमिश्र हवामानात १२.५ टक्के असावे असे सांगितले आहे. दहा बाय बारा फुटी खोलीला म्हणजे बारा ते पंधरा चौरस फूट. तीन बाय चार फुटी एकच खिडकी असेल आणि ती बुजवली, तर खोलीत काय उरते ते वेगळे सांगायला नको.

रात्री खिडकी उघडी ठेवायची तर मच्छरजाळी लागते. गडचिरोलीसारख्या हिवतापाच्या जिल्ह्यात ती ऐच्छिक समजू नये. विंचू-सापांनाही तिने अटकाव होतो, मात्र चौकटीच्या खालच्या कडेला फट राहता कामा नये. पल्ले आत उघडत असतील तर जाळी गजांच्या बाहेरून ठोकता येते. पल्ले बाहेर उघडत असतील तर जाळी आतून बसते, आणि मग पल्ला लावण्यासाठी हात बाहेर घालावा लागतो. अशा खिडकीला जाळीची चौकट बिजागरीवर किंवा वेल्क्रोवर बसवावी. कायमची ठोकलेली जाळी असेल तर पल्ले सकाळी बंद करणे हळूहळू सुटते आणि खिडकी दिवसभर उघडी राहते. जाळीमुळे वारा निदान एक तृतीयांशाने कमी होतो. धुळीने भरलेली जाळी त्याहून जास्त अडवते, म्हणून दर पंधरवड्याला ती ओल्या ब्रशने झटकावी.

पावसाळ्यापूर्वी

मृग लागण्याच्या सुमारास सावलीचे सामान उतरवावे. हवा दमट झाली की कूलर निरुपयोगी होतो, आणि मग वारा खेळता राहणे हाच एक उपाय असतो, त्यामुळे जाळी-तट्ट्यांनी तो अडवू नये. खिडकीच्या खालच्या कट्ट्याचा उतार बाहेरच्या बाजूला आहे ना, आणि छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच आहे ना, हे पाहावे. नसेल तर पाणी वळून चौकटीत मुरते आणि फेब्रुवारीत केलेले लाकूडकाम वाया जाते. शेडनेट धुऊन, पूर्ण वाळवून, उंदरांच्या वाटेपासून दूर टांगावी. बांबूचे तट्टे जमिनीला टेकवून ठेवू नयेत, नाहीतर वाळवी लागते. प्रत्येक चौकटीवर ती कोणत्या खिडकीची आहे ते रंगाने लिहून ठेवले म्हणजे गुढीपाडव्याच्या सुमारास पुन्हा लावताना मापे घेत बसावे लागत नाही.